हँडलला प्ले

दुपारचे तीन वाजले असतील. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यापुढे, ऑइलने काळ्या झालेल्या बाकड्यावर मी बसलो होतो. तेवढ्यात आतून काहीतरी टणटणत आलं आणि माझ्या चपलेला लागून थांबलं. बघतो तर एक छर्रा. वाटाण्याएवढा, अंगाला काळं ग्रीस लागलेला. आत मिस्त्रींनी आमच्या चारशेसातचं, म्हणजे टाटाच्या छोट्या ट्रकचं, स्टेअरिंग उघडलं होतं आणि त्यातला एक छर्रा पळून आला होता. त्यांच्या हाताखालचं पोरगं लोहचुंबक घेऊन टेबलाखाली रांगत शोधत होतं. मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं, नवीनच घालायच्यात."

मी छर्रा उचलला, रुमालाला पुसला आणि खिशात टाकला. पन्नाशी उलटली आहे माझी.

पण छर्रा दिसला आणि तो खिशात टाकला नाही, असं आमच्या पिढीत कोण आहे? सायकलच्या दुकानात फ्री-व्हील खोललं की आम्ही भोवती उकिडवे बसायचो. एखादा झिजका छर्रा मिळाला की तो चार काचेच्या गोट्यांना भारी. गोटी फुटते, छर्रा फुटत नाही.

तर चारशेसात. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठा ट्रक विकला आणि १९९६ साली ही घेतली. तेव्हापासून ऊस-रोपं, शेणखत, लग्नाची भांडी, एकदा तर गल्लीतला अख्खा गणपती, असं काय काय हिने वाहिलं. यंदा पासिंगला साहेबांनी दारातूनच हात घालून दोन बोटांनी हँडल हलवलं. ते घड्याळाच्या बारापासून जवळजवळ दोनपर्यंत गेलं, आणि पुढची चाकं आपली होती तशीच उभी. साहेब काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि कागद परत दिले.

घरी येऊन शोधलं, तर १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चक्क याचा नियम आहे, ९८ नंबरचा. हँडलला ३० अंशांपेक्षा जास्त प्ले, म्हणजे चाकं न हलता होणारी मोकळी हालचाल, चालत नाही. म्हणजे बारा ते एक. सरकारने तासाभराची सूट दिली होती, आम्ही दोन तास खाऊन बसलो होतो.

आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्येला कुठला प्ले? उगंच कायतरी."

आता यात आप्पांची चूक नाही. ते सतराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढले, ते टाटा-मर्सिडीजवर. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, तो करार १९६९पर्यंत चालला. त्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजची चांदणी असायची. मुंबईचे पाहुणे गाडी दाखवायला लागले की आप्पा सुपारी कातरत म्हणायचे, "आमी मर्सिडीजच चालवल्या की." पाहुण्यांना काय बोलावं कळायचं नाही. तर त्या काळापासून आप्पांनी जी जी गाडी हाकली, तिला प्ले होता. नव्या गाडीवर कोणी क्लीनरचा ड्रायव्हर झालेल्या पोराला बसवत नाही. झिजलेली गाडीच वाट्याला येते, आणि मग हात तिच्यासारखे होतात.

मला त्यांचे ते हात आठवतात. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा हट्ट करून मी मुंबईच्या खेपेला गेलो होतो, दहा वर्षांचा असेन. गाडी म्हणजे १२१० ट्रक, मागे गुळाचे रवे, त्यावर ताडपत्री. केबिनमध्ये गूळ, डिझेल आणि उदबत्ती यांचा एकत्र वास. आप्पांच्या शेजारी इंजिनाच्या डब्यावर गोधडीची घडी घालून मला बसवलेलं. खालून डबा तापायचा, मग मी घडीवर घडी घालायचो. मी झोपायचं नाही असं ठरवलं होतं आणि खंबाटकीपर्यंत ते पाळलंही. रस्ता समोर सुतासारखा सरळ, आणि आप्पांचे हात मात्र सारखे चाललेले. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बाई जात्याच्या खुंट्याला हात लावून बसते ना, तसे. गाडी मात्र रेषा सोडायची नाही. मला वाटलं, गाडी चालवणं म्हणजे हेच. हात थांबले तर गाडी थांबेल.

खंडाळ्याचा घाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ आलं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, त्याला नाणं टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी ड्रायव्हर लोकांची रीत. आप्पांनी एक हात हँडलवरून काढला, खिशातलं नाणं काढून खिडकीबाहेर टाकलं, तोच हात कपाळाला लावला. एवढ्या वेळात उरलेला एकटा हात ते डावं-उजवं करत होता. माझा जीव खालीवर. आप्पांचं लक्षही नव्हतं.

घरी आल्यावर मी आईची परात घेतली आणि सोप्यात मांडी घालून ट्रक सुरू केला. तोंडाने घर्रर्र, आणि परात सारखी डावी-उजवी. आईने दोनदा परात काढून घेतली, म्हणाली, कणीक काय तुझ्या टाळक्यात मळू? पण माझी ती सवय काही गेली नाही. आजही कोणाच्याही गाडीत बसलो, गाडी उभी असली, तरी हँडल मी आधी दोन बोटं हलवून बघतो. मेव्हण्याने नवी गाडी घेतली, सगळे रंग बघत होते, सीटवर हात फिरवत होते, मी आत बसून हँडल हलवत होतो. "काय करताय दाजी?" मेव्हण्याने विचारलं. काय सांगणार? म्हटलं, "छान आहे."

आणि जुन्या हिंदी सिनेमातले हिरो! मागे पडद्यावर रस्ता सरळ पळतोय, आणि हिरो गाणं म्हणत हँडल गरागरा डावं-उजवं करतोय. गणपतीत गल्लीत पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तेव्हा हे आलं की पोरं खिंकाळायची. आप्पा एकटे गंभीर. "हासताय काय," म्हणाले, "त्येच्या गाडीला प्ले हाय." सिनेमाचं इतकं मन लावून केलेलं समर्थन मी नंतर कुठल्या समीक्षकाकडूनही ऐकलं नाही.

तर उद्यमनगर. आपल्याकडे ट्रकच्या एकेका अवयवाचा वेगळा डॉक्टर असतो, हे ज्यांच्या घरी ट्रक होता त्यांना सांगायला नको. पाटेवाला वेगळा, पंपवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, सेल्फ-डायनामोचा वेगळा. हे मिस्त्री फक्त स्टेअरिंगचे. गाडी दारात लागली की बॉनेटकडे बघतही नाहीत. मला वर बसवलं, म्हणाले, "इंजिन बंद. हँडल हळूहळू डावं-उजवं करा, मी सांगंपर्यंत थांबू नका." आणि स्वतः पोतं टाकून खाली शिरले. खाली ड्रॉप आर्मवर, म्हणजे हँडलची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर, नुसता हात ठेवून पडून राहिले, वैद्य नाडी धरतात तसे. दोन-तीन मिनिटांनी आवाज आला, "बॉल जॉइंट बरं हायेत. किंगपिनबी बरी. पेटीतच हाय सगळं."

मग वर येऊन स्टेअरिंगच्या पेटीच्या झाकणावरचा एक स्क्रू दाखवला. त्याच्यावर पान्याचे ओरखडेच ओरखडे. "ह्यो कुणी आवळला?"

आम्हीच आवळला होता. म्हणजे गावातल्या गॅरेजवाल्याने, आमच्यासमोर. एकदा नाही, दर दोन वर्षांनी. आवळला की आठ दिवस हँडल एकदम घट्ट, आणि मग वळणावर गंमत व्हायची. पूर्ण वळवलं की हँडल अडकायचं, सोडलं तरी परत यायचं नाही, ओढून सरळ करायला लागायचं.

"येणारच न्हाई," मिस्त्री म्हणाले. "घरात जुनी विळी हाय का? तिचं पातं बघा. मधी खोलगट, कडंला हाय तसं. तुमी गाडी चालवताय ती सरळच चालवताय की. शंभरातलं नव्वद येळ हँडल मधीच. मग पेटीतला वर्म, म्हंजे आट्यांचा दांडा, झिजणार कुठं? मधी. आता मधला प्ले काढायला स्क्रू आवळला, तर जिथं झिजलंच न्हाई तिथं आवळून बसणार. वळणावर कोण झिजतंय? सरळ चालूनच झिजतंय."

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. त्यावरून पुढे काहीतरी मोठं सुचलंही होतं. तेवढ्यात चहा आला.

ड्रॉप आर्म काढायला पाऊण तास गेला. तो शाफ्टवर असा बसलेला की पुलर लावून, बाजूने हातोडा घालूनही हलेना. पण काढायच्या आधी मिस्त्रींनी पंचने आर्मवर एक आणि शाफ्टवर एक अशी समोरासमोर खूण मारली होती. "न्हाईतर एक दात इकडंतिकडं बसला की हँडल सरळ आणि गाडी गटारात." मग पेटी टेबलावर आली. खालचा बोल्ट काढला तर ऑइल यायला हवं होतं, आलं काहीच नाही. बोट घातलं तर काळं लोणी. नव्वद नंबरचं ऑइल कधीचं सील खाऊन गळून गेलेलं, आणि त्याच्या जागी कोणीतरी ग्रीस ठासलेलं. कोणीतरी म्हणजे पुन्हा तोच गॅरेजवाला, आणि पुन्हा आमच्यासमोरच.

आतली रचना मी पन्नास वर्षं ट्रकच्या घरात राहून पहिल्यांदा बघितली. हँडलचा दांडा आत येतो, त्याच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे, त्यावर एक जाड नट. पण आटे एकमेकांना लागतच नाहीत. मधल्या खोबणीत छर्रे भरलेले. हँडल फिरवलं की छर्रे त्या खोबणीतून लोळत पुढे जातात, आणि टोकाला पोचले की एका वाकड्या नळीतून पुन्हा मागे येतात. वारीतली माणसं गोल रिंगण धरतात तसे. नटाच्या पाठीला दात, त्या दातांत दुसऱ्या शाफ्टचे दात, आणि त्या शाफ्टला ड्रॉप आर्म. टनावारी ओझं लादलेली गाडी वळते ती या मूठभर छर्ऱ्यांवर. मी एक खिशातला चाचपला.

मिस्त्रींनी वर्म उन्हात धरून दाखवला. मधल्या दोन आट्यांत ठिपके ठिपके पडलेले, देवीचे व्रण असावेत तसे. कडेचे आटे आरशासारखे.

पुढचे दोन दिवस नवा वर्म-नट सेट, नवे बुश, शाफ्ट लेथवर जाऊन आला, सील बदललं. हे सगळं मी बघितलं नाही. शेवटची जुळणी मात्र बघितली. कागदासारखे पातळ शिम. एक काढायचा, झाकण आवळायचं, फिरवून बघायचं, नाक मुरडायचं, पुन्हा खोलायचं, एक घालायचा. मग हँडलचं चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेतं ते मोजलं, त्याच्या निम्म्यावर आणून थांबवलं. आता मधोमध. चक्राच्या कडेला सुतळी बांधली, सुतळीला भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि हळूच ओढला. काट्यावर किती आलं ते मला सांगितलं नाही. स्वतःशीच "हं" म्हणाले आणि तो वरचा स्क्रू इतका इतकासा फिरवला की मला तर फिरवल्यासारखा वाटलाच नाही. पुन्हा काटा. पुन्हा "हं", या वेळी वेगळं. "आता ह्या स्क्रूला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई." बिल नव्या टायरच्या घरात गेलं. मी कुरकुरलो नाही. त्या दोन "हं"मधला फरक कळणारा माणूस त्या भावात स्वस्त होता.

गाडी चालवत गावी आणली. हायवेला हात स्थिर ठेवले की गाडी सरळ. इतकी सरळ की जरा कंटाळा आला.

आप्पा दारात काठी घेऊन उभेच. वय ऐंशीला टेकलं आहे, रस्त्यावर गाडी आम्ही देत नाही, पण घरापासून विहिरीपर्यंतची पाणंद त्यांची. चढले, बसले, गियर टाकला. आणि आमची चारशेसात पाणंदीतून अशी निघाली की बघवेना. या बाजूचा ऊस घासला, मग त्या बाजूचा. पुन्हा या बाजूचा. भर दुपारी प्यायलेल्या माणसासारखी. मागून मी पळतोय, "आप्पा, हात हलवू नका! हात हलवू नका!" विहिरीपाशी गाडी थांबली. आप्पा खाली उतरले, दाराला हात टेकून उभे राहिले. साठ वर्षांत त्यांच्या हातून गाडीने कधी असं केलं नव्हतं.

"ह्ये हँडल लई शाणं केलंय त्यानं," म्हणाले. "ह्येला कायबी सांगू दीना."

येताना गाडी मी चालवली. ते शेजारी बसले होते, हात मांडीवर. मी बघू नये तरी बघितलं. मांडीवर हात डावे-उजवे होत होते.

जुने सुटे भाग मिस्त्रींनी पिशवीत घालून दिले होते, बदललेला माल गिऱ्हाइकाला दाखवायची त्यांची पद्धत. रात्री जेवण झाल्यावर आप्पांनी पिशवी मागितली. वर्म हातात फिरवून बघितला, मधल्या आट्यांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. मग ताटलीत छर्रे ओतले आणि चष्मा लावून दोन-दोनच्या जोडीने मोजले. पुन्हा मोजले.

"एक कमी हाय."

"असू दे की आप्पा. आत सगळे नवीन घातलेत."

"नवीन किती घातले? जुने मोजूनच घातले असतील न्हवं? जुन्यात एक कमी, म्हंजे नव्यातबी एक कमी." हिशेब बिनचूक होता. "घाटात गेल्यावर काय करणार? फोन लाव त्येला. आत्ता लाव."

साडेनऊ वाजले होते. मी फोन काढला. दुसरा हात खिशात होता.