तक्रार आहे? मग आधी पाया पड

कोकणातून आषाढीला चालत जाणारे तसे कमीच, हे देशावरच्या लोकांना दरवेळी सांगावं लागतं कारण त्यांना वाटतं वारी म्हणजे आषाढीच. अहो आषाढात आमच्याकडे लावणी असते, चिखलात वाकून रोपं लावायची सोडून कोण जाणार पंढरपूरला, विठोबापण म्हणेल आधी भात लाव मग ये. वर्षात वाऱ्या चार, चैत्री आषाढी कार्तिकी आणि माघी, त्यातली माघी आम्हाला सोयीची. भात कधीच घरात आलेलं असतं, कलमांना मोहोर धरलेला असतो, फवारणीचं तेवढं कोणालातरी सांगून ठेवायचं आणि पौष संपता संपता निघायचं. आमची दिंडी मालगुंडच्या बाजूने निघते, गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे करत समुद्राच्या कडेकडेने रत्नागिरी, मग हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा घाट आणि वर देशावर. सगळं मिळून ३०० किलोमीटरच्या वरच भरतं. दिंडी छोटी आहे, एक वीणा, दोन पखवाज, बाकी टाळकरी, तुळस घेतलेल्या बायका आणि मागून जेवणाचा टेम्पो.

मी स्वतः एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे. गाडीचे हप्ते थकले की जो फोन येतो ना, तो मी. त्यामुळे कोण कोणाशी कसं बोलतंय याकडे माझं लक्ष आपोआप जातं, सवयच आहे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगून टाकलं की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमक्या शिवीगाळ चालणार नाही, तेव्हा आमच्या लाईनमधले बरेच जण वैतागले की मग वसुली करायची कशी. माझं मत तेव्हाही वेगळं होतं. आवाज चढवला की समोरचा एकतर फोन घेणं बंद करतो, नाहीतर कुठूनतरी उसने आणून हप्ता भरतो आणि परत जन्मात तुमच्या दारात येत नाही. पण हे ऑफिसात कोणाला पटवायला गेलं की तू एक साधा माणूस आहेस म्हणतात.

तर आमच्या दिंडीचे चोपदार, म्हणजे दिंडीची शिस्त बघणारे, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. सगळे त्यांना नाना म्हणतात. आयुष्य गेलं "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा हाय" करण्यात, आवाज असा की लाऊडस्पीकर नसला तरी चालतं, पण दिंडीत मी त्यांना आवाज चढवताना ऐकलंच नाही. कोणी रस्त्याच्या मधे चालायला लागलं की शेजारी जाऊन चालायला लागतात आणि म्हणतात, "माऊली, जरा डावीकडून घेता का, मागून गाडी हाय." बस. मी विचारलं नाना हे कसं जमलं, तर म्हणाले, "अरे एसटीत ओरडलो तर माणूस चिडायचा, पुढच्या स्टॉपला उतरून जायचा, मी हिकडं आणि तो तिकडं. हितं कुठं उतरणार? रात्री त्याच्याच शेजारी सतरंजी टाकायचीय." एवढं साधं कारण, आणि मला ते दहा प्रवचनांपेक्षा जास्त पटलं.

वारीत सगळे सगळ्यांना माऊली म्हणतात आणि भेटलं की राम कृष्ण हरी म्हणत एकमेकांच्या पाया पडतात हे सगळ्यांना माहिती असतं, टीव्हीवर पण दाखवतात. पण घरातली माणसं बरोबर असली की ते किती अवघड जातं हे चालल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं, सुनेने सासूच्या, विषय संपला. दिंडीत तसं नाही, समोरचा वाकला की तुम्हीपण वाकायचं, वय नातं काय बघायचं नाही. पहिल्याच सकाळी काकडा झाल्यावर वाडीतल्या एक काकी आपल्या सुनेच्या पायाला हात लावायला वाकल्या आणि ती बिचारी अशी दचकून मागे सरली की मागच्या माणसाचा टाळ खाली पडला. "आई, काय करताय!" काकी म्हणाल्या, "आता मी आई नाय, घरी गेल्यावर आई." त्यांचं घरी कसं चालतं ते आख्ख्या वाडीला माहितीये, पाण्याच्या पंपावरून सुद्धा आवाज रस्त्यापर्यंत येतो. पण वाकल्या, जमिनीपर्यंत वाकल्या, आणि गुडघ्यांचं दुखणं असून.

आरे-वारेचा चढ लागतो तिथे एका बाजूला डोंगर, खाली समुद्र आणि रस्त्यात टुरिस्ट. रविवार होता वाटतं, कारण गाड्या फार होत्या, कोणी दार उघडं टाकून सेल्फी काढतंय, कोणी ड्रोन उडवतंय. एक मोठी गाडी आमच्या मागे आली आणि हॉर्न, हॉर्न, हॉर्न. मग काच खाली करून त्यातला माणूस जे बोलला ते इथे लिहित नाही, रस्ता काय तुमच्या बापाचा वगैरे त्यातलं सगळ्यात सौम्य. टाळकऱ्यांमधली दोन तरुण पोरं मागे फिरली, आमच्याकडे तोंडाला तोंड द्यायला कोण कमी नाही, कोकणात शिवी ही प्रेमाने पण देतात आणि रागाने तर देतातच. नाना मधे आले. हात जोडले, म्हणाले, "माऊली, तुमची चूक नाय, रस्ताच लहान हाय. म्हातारी माणसं चढावर हायत, पुढच्या वळणाला जागा हाय तिथं तुम्हाला पुढं काढून देतो, दोन मिनिटं द्या." माणूस गप्प बसला. म्हणजे त्याचं हृदयपरिवर्तन वगैरे काही झालं नाही, वळणावर पुढे जाताना त्याने परत एक हॉर्न मारलाच. पण आमच्यातल्या त्या दोन पोरांना परत टाळ धरता आला, मला वाटतं नानांना तेवढंच हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. दिंडीत नानांचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. कोणाबद्दल तक्रार असली तर आधी त्या माणसाच्या पाया पडायचं आणि मग तक्रार सांगायची. त्यालाच सांगायची, तिसऱ्याला नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. निम्म्या तक्रारी तर वाकायच्या कंटाळ्यानेच गळून पडतात, आणि उरलेल्या सांगताना आवाज आपोआप खालचा येतो कारण नुकतंच वाकून उठल्यावर ओरडायला दमच उरत नाही. काही लोक रागाने पाया पडतात हेपण बघितलंय, एक जण असा तावातावाने वाकला की समोरच्याला वाटलं आता हा घोटा धरून आपल्याला पाडतोय.

आणि आमच्या दिंडीत अण्णा आणि भाई होते. चुलतभाऊ. यांच्यात बागेकडे जाणाऱ्या वाटेवरून आणि एका गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, वडिलांच्या वेळेपासून कोर्टात केस. कोकणात हे काही नवीन नाही, सातबारा उघडला की पानभर नावं, सगळं सामायिक, वहिवाट कोणाची आणि गडगा कोणी हलवला यावर पिढ्या जातात. हे दोघं गावात समोरासमोर आले की एक जण रस्ता बदलायचा. बोलायची वेळ आलीच तर तिसऱ्या माणसाकडे बघून बोलायचे, "सांगा त्या मेल्याला." दोघंही माळकरी, दोघंही दरवर्षी दिंडीत, एक पताकेजवळ चालायचा आणि दुसरा टेम्पोजवळ. दिंडी एवढी छोटी की मधे अंतर ठेवायला पण मेहनत लागत असेल.

रत्नागिरीत जुन्या विठ्ठल मंदिरात दर्शन करून पुढे निघालो, हातखंब्याच्या पुढे हायवे आणि धूळ, ते सोडून देतो. मुक्काम पालीला. रात्री बायकांनी ताटीचे अभंग घेतले. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताबाई बाहेरून समजावतेय, "विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी. शब्द शस्त्रें झालें क्लेश, संतीं मानावा उपदेश." जग रागाने आग झालं तर आपण पाणी व्हायचं. छान वाटतं ऐकायला, पण मला एक गोष्ट यात नेहमी खटकते आणि ती मी बोललो नाही, काकींच्या सुनेने बोलून दाखवली. म्हणाली, "पाणी व्हायला नेहमी बायकांनाच सांगतात, नमतं घे, उलट बोलू नको, सगळं आमच्याच वाट्याला." मला वाटलं आता काकी भडकतील. तर दुसरी एक म्हातारी टाळ बाजूला ठेवत म्हणाली, "अगो पण हितं तर बाई बाप्याला सांगत्येय. बहीण मोठ्या भावाला सांगत्येय तू पाणी हो म्हणून. आपणच उलटं धरून बसलो." सगळ्या हसल्या. खरंच की, आणि मुक्ताबाई काही लोकांचं बरोबर होतं असं म्हणत नाही, ते चुकलेच, पण तू दार लावून बसू नकोस एवढंच तिचं म्हणणं. नम्रता म्हणजे खाली मान घालून बसणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अभंग परत ऐकावा, ज्याच्याकडे ताकद आहे त्याने आधी वाकायचंय.

त्याच रात्री चादरीची भानगड झाली. माघातली थंडी, शाळेच्या वर्गात सगळे एका रांगेत झोपलेले आणि भाईंनी झोपेत अण्णांची चादर ओढून घेतली. चुकून, अंधारात कोणाची कुठली कळत नाही. पहाटे अण्णा थंडीने कुडकुडत उठले आणि सवयीने नानांकडे गेले, "त्याला सांगा." नाना म्हणाले, "माऊली, नियम माहितीये ना." अण्णा बराच वेळ उभे राहिले. काकड्याची तयारी चाललेली, सगळे बघतायत आणि न बघितल्यासारखं करतायत. मग गेले भाईंसमोर आणि वाकले. भाई अर्धवट झोपेत, समोर कोणीतरी वाकलं म्हणून तेपण वाकले आणि दोघांची डोकी अशी आपटली की आवाज मागच्या भिंतीपर्यंत. भाईंनी डोकं चोळत वर बघितलं तर अण्णा. वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. अण्णा म्हणाले, "माऊली, माझी चादर तुमच्याकडं आलीय वाटतं." तुमच्याकडं! अहो-जाहो! भाई म्हणाले, "लागलं काय हो?" झालं, दोन वाक्यं. चादर परत मिळाली.

मी यात जादू बघत नाही. माऊली हा शब्द कसापण वापरता येतो, "ए माऊली, सरक की जरा" असं खेकसणारे पण दिंडीत आहेत, आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला ए ड्रायव्हर म्हणून हाक मारणारे एक साहेबपण होते, ज्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी साहेबपणा उतरत नव्हता. त्यांना कोणी काही बोललं नाही. नुसतं ड्रायव्हरने एकदा चहा देताना त्यांच्या पाया पडून सांगितलं, "माऊली, माझं नाव विचारलंत नाय अजून." पुढच्या मुक्कामापासून साहेब त्याला नावाने हाक मारायला लागले. काका लावून. मला वाटतं मनातून नम्र व्हायची वाट बघत बसलं तर आयुष्य जाईल, दिंडीत आधी कंबर वाकवतात, तोंडात शब्द देतात, मन मागून आलं तर आलं.

साखरप्यावरून आंबा घाट चढायला पहाटेच सुरुवात केली. वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. चढावर माणूस लवकर दमतो म्हणून वीणा सारखी बदलते. एका वळणावर भाईंच्या गळ्यात होती, त्यांना दम लागला, नानांनी पुढचं नाव पुकारलं ते अण्णांचं. मी नंतर विचारलं हे मुद्दाम ना, तर म्हणाले यादीत नाव आलं. यादी कोणी केलेली ते मी विचारलं नाही. वीणा घेताना अण्णांचे हात थरथरत होते, चढामुळे असेल. यावेळी डोकी आपटली नाहीत, भाई आधी वाकले आणि अण्णा थांबले, मग अण्णा वाकले. भाईंनी वीणेचा पट्टा त्यांच्या खांद्यावर नीट केला आणि म्हणाले, "डावीकडं जरा जड जाते ही." घाटमाथ्यापर्यंत ते शेजारी चालले. बोलले नाहीत फारसं.

पंढरपूरचं काय सांगू, ते सगळे सांगतातच. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला डोकं, लांबच्या लांब रांग, आणि एकादशीला साबुदाणा खाऊन खाऊन झालेली ॲसिडिटी.

परत आल्यावर मी ऑफिसात फोन करताना सुरुवातीला राम कृष्ण हरी म्हणून बघितलं, एक कस्टमर म्हणाला राँग नंबर. ते सोडलं. पण नावापुढे राव किंवा ताई लावून आणि तुमची अडचण काय झाली हे आधी विचारून बोलतो, हप्ता किती थकला ते नंतर. वसुलीचा आकडा सांगत नाही, साहेब वाचतील.

अण्णा-भाईंची केस चालूच आहे. तारखेला आता दोघं एकाच एसटीने जातात असं नाना सांगत होते, कोर्टाच्या आवारात समोरासमोर आले की राम कृष्ण हरी म्हणून वाकतात आणि दोन्हीकडचे वकील एकमेकांकडे बघत राहतात. मला वाटलं आता मिटवतील, म्हणून मी भाईंना विचारलं. "मिटवायचं कशाला? वाट माझीच हाय," म्हणाले. "आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला तर अपील करणार. आधी पाया पडीन, मग अपील करीन."