आपल्या दर्याचा चिखल, मुक्काम पोस्ट जपान

मंडळी, समुद्रतळाच्या चिखलातून जुना मान्सून कसा होता ते शोधायचं काम मी सध्या कोचीत करते. हे कोची केरळातलं नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरचं. (घरून आलेल्या लाडवांच्या पार्सलवर देशाचं नाव ठळक लिहा, एवढीच विनंती.) शेजारच्या नान्कोकू गावात विद्यापीठाच्या आवारात मोठं शीतगृह आहे. आत ४ अंश तापमान आणि छतापर्यंत मांडण्या. देवगडात शीतगृह म्हटलं की मासळी नाहीतर हापूस. इथे ठेवलाय तो हिंदी महासागराच्या तळाचा चिखल, दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत, उभा चिरून अर्धा कामाला आणि अर्धा राखून.

त्यात आपल्या दर्याचा वाटाही आहे. २०१५ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे समुद्रतळाला छिद्र पाडून चिखल वर काढणारं जहाज भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यावर उभं राहिलं. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक होते गोव्यातल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. खाली साडेतीन किलोमीटरहून जास्त पाणी आणि त्याखाली अकराशे मीटरपर्यंत छिद्र. या चिखलातला बराचसा सिंधू नदीने हिमालयातून आणलेला. तो उतारावरून लोंढ्यांनी घसरत येतो, म्हणून वाळूचे थर बाजूला ठेवायचे. त्यातले शंख कुठून वाहत आले याचा भरवसा नसतो.

हे शंख म्हणजे फोरामिनिफेरा, एकपेशीय जिवांची चुनखडी घरं. चिखल ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर पाणी सोडत धुतला आणि वाळवला की बारीक रव्यासारखं काहीतरी उरतं. ते काळ्या ताटलीत पसरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचं आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलायचा. साधारण तीनशे मोजले की त्या नमुन्याचं प्रमाण ठरतं. फुंकर मारलीत तर सगळा दिवस वाया, शिंक आली तर विचारूच नका.

मी शोधत असते ग्लोबिजेरिना बुलॉइडिस, या शंखांतली एक जात. शेवटच्या वेढ्यात चार फुगीर कप्पे आणि मधोमध ऐसपैस कमानदार तोंड, त्यामुळे पटकन ओळखू येते. खरं तर ही थंड समुद्रांतली बया. उष्ण कटिबंधात ती फारशी दिसत नाही, पण ओमानसमोर जून ते सप्टेंबर तिची गर्दी होते. नैऋत्येचा वारा तिथे किनाऱ्याला समांतर सुसाट वाहतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे लोटलं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. हेच अपवेलिंग. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यामागे ही येते. १९८६ पासून भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात वरून पडणारा गाळ पकडणारे सापळे लावले, त्यांतही हेच दिसलं.

म्हणून थरात बुलॉइडिस वाढली की वारा जोरात होता, असा अंदाज बांधतात. ओमानच्या बाजूच्या चिखलात सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी तिचं प्रमाण एकदम वाढलं आणि ‘तेव्हा मान्सून जोरावला’ असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. मला हे वाक्य तसंच्या तसं पटत नाही. तो शंख थंड, सकस पाण्याची साक्ष देतो. त्यावरून वारा, वाऱ्यावरून मान्सून आणि मान्सूनवरून पाऊस, इतक्या उड्या एका दमात मारल्या जातात. वारा सुटला आणि पाऊस रुसला, अशी वर्षं कोकणातल्या कुठल्या शेतकऱ्याने पाहिली नाहीत?

आपल्या किनाऱ्याचं गणितही वेगळं. पावसाळ्यात तळाचं पाणी इथेही वर सरकतं. जोर केरळात, उत्तरेकडे कमी होत जातो. पण पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी वर झाकण घालून बसतं. खाली मेलेलं सेंद्रिय कुजतं, प्राणवायू संपतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उथळ पाण्यातही तळाशी जीव गुदमरतात. हे सगळं तळावर राहणाऱ्या शंखांना कळतं. बुलिमिना, युव्हिजेरिनासारख्यांना असं अन्नाने भरलेलं, कमी प्राणवायूचं पाणी चालतं. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी कारवारसमोरच्या चिखलातल्या शंखांच्या आकारांवरून नदीने किती गोडं पाणी आणलं, म्हणजे पाऊस कसा होता, हे शोधलं. पावसाचा हिशेब हवा असेल तर मी ओमानपेक्षा या उथळ चिखलाला विचारीन.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो रापणीवरून नुकताच आलेला. शांतपणे ऐकून म्हणाला, “अगो, ता सगळा ऱ्हवांदे. फुडच्या वर्साक बांगडो गावतलो काय, ता सांगता तुझो चिखल?”

नाही सांगत. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो, तोही तळातले किडे वरखाली करतात. माझ्या एका नमुन्यात मामाच्या कित्येक पिढ्यांचे हंगाम एकत्र कालवलेले असतात. किनाऱ्याजवळ गाळ भराभर साचतो, तिथे फार तर दशकांपर्यंत पोचता येईल. बांगड्याचं विचारायचं तर मामाने मलाच सांगावं. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टात पहिल्या जाळ्यात काय लागलं, ते वर्षानुवर्षं त्याच्या तोंडपाठ आहे. वहीत मात्र एक अक्षर नाही. भाच्याला त्याच्याजवळ वही घेऊन बसवलंय, दर फेरीमागे पाच रुपये या बोलीवर.