बोअरचं पाणी, मे महिन्याचा उकाडा आणि माशांच्या टँकमधला अमोनिया

टेस्ट किटच्या नळीतलं पाणी हिरवं झालं, तक्त्याशी रंग लावून पाहिला आणि अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम निघाला. आता घाबरायचं की नाही? एवढ्यावरून सांगता येत नाही. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी याचं माप) आणि तापमान कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, आणि मराठवाड्यात तर नाहीच नाही.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यात दोन रूपं मिसळलेली असतात. अमोनियम माशाला फारसं बाधत नाही, मुक्त अमोनिया मात्र कल्ले जाळतो. कुणाचा वाटा किती हे पीएच आणि उष्णता ठरवतात. पाणी ३० अंशांवर आणि पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया एक टक्कासुद्धा नसतो. त्याच तापमानाला पीएच ८.२ असेल तर तो ११ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे किटवर तोच १ मिलिग्रॅम दिसला तरी मुक्त अमोनिया पहिल्या टँकमध्ये ०.००८ मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात ०.११. लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या वर मुक्त अमोनिया रोज राहिला तरी माशांचं नुकसान सुरू होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, बादलीच्या कडेला पांढरा थर बसवणारं, पीएच बहुतेकदा ८ च्या आसपास. वर मे महिन्यात घरातला टँक ३१-३२ अंशांवर सहज जातो. त्यामुळे थंड प्रदेशातल्या माणसानं ‘अर्धा मिलिग्रॅम चालतो’ म्हटलेलं इथं लागू पडत नाही. अमोनियाचं किट घ्याल तेव्हा पीएचचं किट आणि २०-३० रुपये जास्त लागले तरी चालतील असा नीट आकडे दाखवणारा थर्मामीटर बरोबरच घ्या.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले लालभडक दिसतायत, पंख अंगाशी चिकटलेत, एखादा कोपऱ्यात तळाशी पडून आहे, असं दिसलं की आधी खाद्य बंद. निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात. साधारण १ ग्रॅम खाद्यामागे ३० मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. ५० लिटरच्या टँकमध्ये तो खाणारे जिवाणू नसतील तर एकाच दिवसात आकडा ०.६ नं चढतो. चिमूटभर जास्त टाकलेल्या दाण्यांचा हिशोब हा असा आहे. मेलेला मासा दगडामागे किंवा झाडीत अडकलेला नाही ना, तेही लगेच पाहा. एअर पंप पूर्ण जोरावर लावा.

मग पाणी बदलायचं. आधी टँकमध्ये खरं पाणी किती, ते काढा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत गुणा, आलेल्या आकड्याला ०.०१६४ नं गुणा, म्हणजे लिटर. २४ बाय १२ आणि १२ इंच पाणी म्हणजे जवळपास ५७ लिटर. खडी-दगड वजा करता ५० धरा. अर्धं पाणी बदललं की अमोनिया २ वरून १ होतो, आठ-दहा तासांनी पुन्हा अर्धं बदललं की ०.५. नव्या पाण्यात अमोनिया शून्य आहे असं गृहीत धरू नका, तेही एकदा तपासा. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन असतो, आणि तो माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना दोघांनाही मारतो. १० ग्रॅम हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करून ठेवा. २० लिटरच्या बादलीला दीड मिली पुरतं. हायपो क्लोरीन घालवतो, अमोनियाला तो काही करत नाही; हा गैरसमज फार आहे.

‘पाणी बदला’ म्हणणं सोपं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आजही कितीतरी गल्ल्यांत नळ चार-आठ दिवसांआड येतो. म्हणून टँकसाठी ५० लिटरचा एक झाकणाचा ड्रम वेगळा भरून ठेवावा, आणि काढलेलं पाणी तुळशीला, कुंड्यांना घालावं. झाडांना ते खतासारखंच असतं (पण त्यात मीठ टाकलेलं असेल तर नाही).

एका ठिकाणी मात्र हे पाणी बदलणंच जीव घेतं. बरेच जण टँकला घरातल्या आरओचं पाणी भरतात, क्षार नकोत म्हणून. त्या पाण्यात आम्ल झेलणारे कार्बोनेटच नसतात. जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात, पीएच हळूहळू ६.५ वर उतरतो, तिथं जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचत जातो. समजा अमोनिया ४ झालाय. ३० अंशांवर त्यात मुक्त अमोनिया फक्त ०.०१, म्हणून मासे ठीक दिसतात. घाबरून कुणी अर्धा टँक बोअरच्या पाण्यानं बदलतं. किटवरचा आकडा २ होतो, पण पीएच ७.८ वर चढतो आणि मुक्त अमोनिया ०.१, म्हणजे दहापट. संध्याकाळपर्यंत मासे उलटे. अशा टँकमध्ये आधी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर पूर्ण टँकच्या लिटरप्रमाणे टाका. त्याचा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, तेवढ्या वेळात दर चार-सहा तासांनी १०-१५ टक्केच पाणी बदला. नंतरही किटवर आकडा दिसत राहील, कारण बांधलेला अमोनियाही त्यात मोजला जातो. पीएच उतरवायला व्हिनेगर, लिंबू टाकू नका. क्षाराच्या पाण्यात तो काही तासांत परत चढतो आणि त्या चढउतारानं मासे आणखी खचतात.

उकाड्यावर उपाय स्वस्त आहे. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. आपली हवा कोरडी, कूलर जसा काम करतो तसंच हे. दोन-तीन अंश उतरतात. मात्र उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून तूट भरायला बोअरचं नव्हे, आरओचं पाणी वापरा. आरओचा खरा उपयोग हा.

अमोनिया पुन्हा पुन्हा वाढत असेल तर फिल्टर पाहा. बहुतेक वेळा तो नळाखाली चोळून ‘स्वच्छ’ केलेला असतो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, तपकिरी राहिला तरी राहू द्यायचा. त्या चिकट थरातच जिवाणू असतात. दुसरं कारण लाइट जाणं. कॅनिस्टर फिल्टर म्हणजे टँकबाहेरचा बंद डबा; त्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरतात आणि लाइट आल्यावर सडलेलं पाणी टँकमध्ये येतं. चार-पाच तास बंद असेल तर उघडून आधी ते पाणी बाहेर ओतून टाका. खेड्यात, तालुक्याच्या गावात स्पंज फिल्टरच बरा: तो उघड्या पाण्यात असतो आणि ३-५ वॅटचा एअर पंप इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. नवा टँक असेल तर जुन्या, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मागून आणा. नाहीतर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

मनी प्लांटच्या चार-पाच फांद्या, पानं वर आणि मुळं पाण्यात, अशा लावल्या तरी थोडा अमोनिया ओढला जातो. झिओलाइट नावाचं खनिजही तो शोषतं. इथल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, पण ते उचलून टाकू नका. विकतचं क्लिनोप्टिलोलाइट (झिओलाइटचाच एक प्रकार) धुऊन जाळीच्या पिशवीत ठेवा. आणि झिओलाइट असताना मीठ नको, कारण मिठानं तो धरलेला अमोनिया परत सोडतो.

अमोनिया उतरला की नायट्राइट चढतो (जिवाणू अमोनियापासूनच तो बनवतात, आणि तोही माशांना विषारी), आणि मासे पुन्हा वर येतात. तेव्हा झिओलाइटची पिशवी काढून लिटरला १ ग्रॅम मीठ, तेही दिवसभरात तीन वेळा विभागून आणि बाहेर पाण्यात विरघळवूनच टाका. कोरिडोरास, लोच या जातींचे मासे असतील तर त्याच्या निम्मंच. तीन-चार दिवसांच्या उपासानंतर खाद्य निम्म्यानं सुरू करा, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. नवे मासे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग सात दिवस शून्य आल्यावरच, एका वेळी दोनच, आणि मध्ये किमान आठ दिवस जाऊ द्या.