तीन साउंड कार्डे आणि एक मुकी कॅसेट

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात काकांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या काही कॅसेटी आमच्या फोंड्याच्या घरी आहेत. इथल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरण्याआधी ती भजने संगणकावर उतरवून घ्यावीत म्हणून मी एक यूएसबी साउंड कार्ड घेतले आणि उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर ध्वनिमुद्रण करणारी एक छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) लिहिली. ती अनेक महिने बिनबोभाट चालली.

गेल्या आठवड्यात २४.०४ वर अपग्रेड केले आणि नेहमीप्रमाणे कॅसेट लावून जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तो, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, फाइलमध्ये नुसती घरघर भरलेली. शिवाय संगणकाचा आवाज ज्या मॉनिटरला स्पीकरच नाही त्याच्याकडे जात होता.

या संगणकात मदरबोर्डवरचे, ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयचे आणि यूएसबीचे अशी तीन कार्डे आहेत. लिनक्समध्ये साउंड कार्डे हाताळणारी अल्सा ही यंत्रणा त्यांना शून्यापासून क्रमांक देते, पण तो क्रमांक सहसा ज्या क्रमाने कार्डे सापडतात त्यावर ठरतो. पूर्वी यूएसबी कार्ड १ होते, आता ते २ झाले आणि १ वर मदरबोर्डचे कार्ड येऊन बसले. माझी स्क्रिप्ट 'कार्ड १' एवढेच जाणत असल्याने तिने इमानेइतबारे रिकाम्या माइक-सॉकेटचे ध्वनिमुद्रण केले. चूक अपग्रेडची नव्हे, माझी होती.

कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या (लिनक्सच्या भाषेत मॉड्यूलच्या) सेटिंगमध्ये 'इंडेक्स' लिहून क्रमांक पक्के करावेत, हा जुना सल्ला मी आधी करून पाहिला. परंतु मदरबोर्ड आणि एचडीएमआय या दोन्ही कार्डांना माझ्या संगणकात एकच ड्रायव्हर चालवतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या नावावरून त्यांना वेगळे करता येत नाही, आणि तो नाद मी सोडला. 'एरेकॉर्ड' या कमांडला 'एल' हा पर्याय जोडला की ध्वनिमुद्रण करू शकणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या क्रमांकाशेजारी त्याचे लहान नावही दिसते. माझ्या यूएसबी कार्डाचे नाव 'कोडेक' आहे. स्क्रिप्टमध्ये क्रमांकाच्या जागी ते नाव घातले आणि काम भागले. एकाच बनावटीची दोन यूएसबी कार्डे असती, तर मात्र यूडेवचा (जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहून त्यांना वेगवेगळी नावे द्यावी लागली असती.

आवाज मॉनिटरकडे जाण्याचे कारण निराळे होते. २२.०४ मध्ये आवाजाचा कारभार पल्सऑडिओकडे होता, २४.०४ मध्ये तो पाइपवायरकडे आहे, आणि माझी जुनी निवड या बदलात राहिली नाही. पल्सऑडिओचे 'पावूकंट्रोल' हे आवाजाच्या सेटिंगचे साधन पाइपवायरवरही चालते. त्यातील कॉन्फिगरेशनच्या पानावर एचडीएमआयचे प्रोफाइल बंद केले.

मग तीच बाजू पुन्हा लावली. या वेळी जेवायला न जाता समोरच बसलो, आणि पहिल्याच मिनिटाला पखवाजाची थाप पडून मीटर हलल्यावरच खुर्चीवरून उठलो.