पुस्तक मिटतच नाही!

“हे पुस्तक तोंड उघडंच ठेवतंय.” पहिलीतल्या मुलाचा शेरा. फरशीवर खाकी कागदाचा रोल, कात्री, स्टेपलर आणि कव्हर घातलेलं, पण मिटायला तयार नसलेलं बालभारतीचं पुस्तक.

गडबड कागदाची नाही, घालण्याची. पुस्तक उघडं पसरून कागद ताणून बसवला की पाठीची जाडी हिशेबात येतच नाही. मिटायला गेलं की कव्हर ओढतं आणि कोपऱ्यात फाटतं. पुस्तक मिटलेलं ठेवूनच माप घ्यायचं. चारी बाजूंनी तीन बोटं कागद जास्त. पाठीपाशी वर-खाली दोन-दोन काप द्यायचे आणि मधली जीभ आत खोचायची. जीभ विसरलात तर दप्तरात घासून आधी पाठच सोलते.

रोलचा कागद सारखा गुंडाळी होतो. आदल्या रात्री गादीखाली ठेवलेला बरा. सेलोटेप जूनच्या दमट हवेत सुटतो. पिन मारायचीच तर टोकं घडीच्या आत दाबून, नाहीतर बोटाला टोचतात. (तयार प्लॅस्टिक कव्हर? मापात बसलं तर नशीब.)

लेबलवरचं नाव मुलाच्याच हातचं. वाकडं आलं तर येऊ दे.

“सगळी खाकी झाली. आता गणिताचं कुठलं?”

खडूपेटी काढली. गणिताला निळा ठिपका, मराठीला लाल. तुमच्याकडे काय युक्ती?