दारातल्या दुधाच्या बाटल्या

आज लंडनमधल्या हॅरोला काम होतं, वेळ उरला म्हणून आमच्या जुन्या रस्त्यावर चक्कर मारली. एकाला एक चिकटलेली जोडघरं तशीच आहेत, पण पुढच्या बागा गायब. सगळीकडे फरशी आणि गाड्या.

सत्तरच्या दशकात पहाटे विजेच्या गाडीतून दूधवाला यायचा, दारात काचेच्या बाटल्या ठेवायचा. चंदेरी झाकण टोचून चिमुकले ब्लू टिट पक्षी वरची साय फस्त करायचे! आई मग रात्रीच बाहेर कप ठेवायची, दूधवाल्याने ते बाटल्यांवर पालथे घालायचे. साय दुसऱ्याने खाल्लेली तिला कशी सोसणार?

५ नोव्हेंबरला पोरं जुन्या कपड्यांत कागद कोंबून गाय फॉक्सचा (इंग्लंडची संसद उडवण्याच्या जुन्या कटातला माणूस) पुतळा जाळायची. एका वर्षी पेटलेल्या पुतळ्याची पँट बाबांनी ओळखली. आई म्हणाली, "होळीत गेली समजा."