गोधडीचा काठ आणि दोन इंचांची चूक

गोधडीचा वरचा थर जोडून झाला तेव्हा मला वाटलं, किचकट काम संपलं. जुन्या सुती ड्रेसांचे ६ इंची चौकोन, शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे केलेले, आडवे ७ आणि उभे ९. कडेच्या खाचांत त्रिकोण बसवले. आता चारी बाजूंनी काठ लावायचा.

तो लावला आणि फरशीवर पसरून बघितलं. मधला भाग सपाट, काठ मात्र फुगलेला. आत्या शेजारीच मेथी निवडत बसली होती. "काय गं, हा काठ आहे की झालर?"

मी इस्त्री फिरवली, पाणी शिंपडून परत फिरवली. झोळ वाढला. ओलं कापड ओढून ओढून मीच ताणत होते.

माझी पद्धत अशी होती: लांब पट्टी घ्यायची, एका कोपऱ्यापासून शिवत सुटायचं आणि उरलेली शेवटी कापून टाकायची. मोजायचं कशाला, कापडच सांगेल! आता टेप काढली. डावी कड ७८.५ इंच, उजवी ७९, आणि मधोमध ७७. म्हणजे कडा सैलावल्या होत्या आणि पट्टीने त्यांचंच ऐकलं होतं.

कडा सैलावल्या त्या त्रिकोणांमुळे. चौकोन एकदाच तिरका कापून दोन त्रिकोण केले होते, त्यामुळे लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी निघाली, आणि नेमकी तीच बाहेरच्या कडेला आली. उरेब कापड नुसतं उचललं तरी ताणतं. मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण केले असते तर ती बाजू सरळ धाग्यावर आली असती. पण आता सगळं उसवून त्रिकोण बदलण्याइतका धीर माझ्यात नव्हता. फक्त काठ उसवला. त्यातच एक अख्खी संध्याकाळ गेली.

पहिल्या पट्ट्या मी कापडाच्या आडव्या धाग्यावर कापल्या होत्या. आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणतो. या वेळी आईची सुती नऊवारी काढली, साबुदाण्याची खळ दिली, आणि साडीच्या लांबीत ५.५ इंच रुंद पट्ट्या घेतल्या. उभा धागा मिळाला, मधे जोडही नाही. दोन पट्ट्या बरोबर ७७ इंचांच्या कापल्या. कड काही का म्हणेना!

पट्टीची आणि कडेची घडी घालून दोघींवर मध्याच्या आणि पाव-पाव भागाच्या खुणा केल्या. खुणेला खूण आणि टोकाला टोक जुळवून आधी तिथे टाचण्या लावल्या, मग मधल्या जागा भरल्या. जास्तीचं कापड थोडं थोडं वाटलं गेलं. शिवताना सैल कड खाली, पट्टी वर. मशीनचे दात खालचं कापड जास्त पुढे ओढतात, त्यामुळे ते जास्तीचं आपोआप जिरतं. पहिल्यांदा मी नेमकं उलटं धरलं होतं.

उभे काठ लागल्यावर रुंदीही मधोमधच मोजली, ७० इंच भरली. तेवढ्याच दोन पट्ट्या वर-खाली. इस्त्री या वेळी फिरवली नाही, ठेवायची, दाबायची, उचलायची.

परत फरशीवर पसरली. आत्याने काठावरून तळवा फिरवला आणि एका कोपऱ्यात थांबली. तिथे चिमूटभर फुगा आहे अजून. "राहू दे," ती म्हणाली, "धावदोऱ्यात जिरेल." अस्तर आणायला उद्या बाजारात जायचंय.